युद्ध पुकारायचं कुणी? अमेरिकेतल्या एका जुन्या वादाची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलगी ओहायोत दहावीत आहे, शाळेच्या डिबेट टीममध्ये. विषय मिळालाय : काँग्रेसच्या पूर्वमंजुरीशिवाय राष्ट्राध्यक्षाने परदेशात लष्करी बळ वापरू नये. तिची बाजू अनुकूल. ती म्हणते, राज्यघटनेत स्पष्ट लिहिलंय, मग वाद कसला? मी सांगलीत शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धा गाजवल्या आहेत, पण इथलं तंत्र मला कळत नाही. तयारी कशी करून घेऊ?"

लेकीला आधी एवढंच सांगा की "घटनेत स्पष्ट लिहिलंय" हे वाक्य भाषणातून काढून टाक. मी इथल्या शाळा-कॉलेजांच्या डिबेटमध्ये 22 वर्षं आहे, आधी कोच म्हणून आणि आता जास्त करून परीक्षक म्हणून. या विषयावर ते वाक्य उच्चारलं गेलं की प्रतिकूल बाजूची मुलं खूश होतात, कारण त्यांना नेमकं तेच हवं असतं. घटना स्पष्ट असती तर सव्वादोनशे वर्षं हे घोंगडं भिजत पडलं नसतं.

दुसरं तुमच्यासाठी. आपल्याकडची वक्तृत्व स्पर्धा आणि इथलं डिबेट यांत कीर्तन आणि कोर्टातली उलटतपासणी यांच्याइतका फरक आहे. आवाजाचा चढउतार, शेवटी एखादी कविता, टाळ्या, यांतलं इथे काही चालत नाही. परीक्षक कागदावर उभे रकाने आखून बसतो, त्याला फ्लो म्हणतात. तुम्ही मुद्दा मांडला की तो लिहितो आणि समोरच्याने त्याला उत्तर दिलं का हे शेजारच्या रकान्यात बघतो. उत्तर आलं नाही तर मुद्दा मान्य झाला असं धरतो, मग तो कितीही पोकळ असो. माझ्याकडची एक फार गोड बोलणारी मुलगी एकदा केवळ अशा सुटलेल्या एका मुद्द्यावर हरली आणि परीक्षकाशी वाद घालायला निघाली होती. आणि "तिची बाजू अनुकूल" हे एका फेरीपुरतं खरं असतं. बहुतेक स्पर्धांत पुढच्या फेरीत तीच मुलगी प्रतिकूल बाजूने बोलते, त्यामुळे दोन्ही वह्या भरलेल्या हव्यात.

आता मूळ विषय. (इथे काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, आपला पक्ष नव्हे. घरी आजी-आजोबांना सांगताना माझी दर वेळी पंचाईत होते.) राज्यघटनेचं पहिलं कलम युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला देतं. दुसरं कलम राष्ट्राध्यक्षाला सैन्याचा सरसेनापती म्हणतं. 1787 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटनेच्या मसुद्यात आधी शब्द होते "युद्ध करणे". 17 ऑगस्टला मॅडिसन आणि गेरी या दोन प्रतिनिधींनी ते बदलून "युद्ध पुकारणे" करायला लावले. अचानक हल्ला झाला तर राष्ट्राध्यक्षाला काँग्रेस भरेपर्यंत हात बांधून बसावं लागू नये, एवढा हेतू चर्चेत नोंदलेला आहे. म्हणजे अपवाद ठेवला तो हल्ला परतवण्यापुरता. पण त्या एका शब्दाच्या बदलात प्रतिकूल बाजू अख्खं दार शोधते: पुकारणं काँग्रेसकडे, करणं राष्ट्राध्यक्षाकडे. हा वाद दोन शब्दांमधल्या फटीत आहे, हे लेकीला आधी कळू द्या.

यानंतर जवळपास प्रत्येक नवखी मुलगी पुढच्या सापळ्यात पाय घालते. ती म्हणते, अमेरिकेने आजवर फक्त पाच युद्धं रीतसर पुकारली: 1812, 1846 चं मेक्सिकोशी, 1898 चं स्पेनशी आणि दोन महायुद्धं. शेवटची घोषणा जून 1942 मधली, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. म्हणून पुढचं सगळं बेकायदेशीर. ऐकायला झकास, पण उलटतपासणीत तीस सेकंदांत कोसळतं. कारण 1798 मध्येच, घटना लिहिणारे हयात असताना, अमेरिका फ्रान्सशी समुद्रावर लढली आणि काँग्रेसने युद्ध पुकारलं नव्हतं, फक्त कायदे करून मर्यादित लढाईला मंजुरी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1800 मध्ये ते मान्यही केलं. तेव्हा घोषणा आणि मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी. तुमच्या विषयात शब्द "पूर्वमंजुरी" आहे, ते नशीब समजा. घोषणेचा मुद्दा उचलूच नका.

पण त्याच फ्रेंच लढाईत अनुकूल बाजूचं सगळ्यात धारदार शस्त्र आहे, आणि ते फार कमी टीम वापरतात. काँग्रेसने कायदा केला होता की फ्रेंच बंदरांकडे जाणारी अमेरिकी जहाजं पकडावीत. राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्सच्या सरकारने नौदलाला हुकूम दिला तो "जाणारी किंवा येणारी" असा. कॅप्टन लिटलने डिसेंबर 1799 मध्ये फ्लाइंग फिश नावाचं एक जहाज पकडलं. ते निघालं डॅनिश मालकीचं, आणि फ्रेंच बंदराकडून येत होतं. 1804 मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांनी निकाल दिला की राष्ट्राध्यक्षाचा हुकूम होता म्हणून बेकायदा कृत्य कायदेशीर होत नाही, आणि नुकसानभरपाई कॅप्टनने द्यावी. एका "किंवा येणारी"पायी बिचाऱ्या कॅप्टनच्या खिशाला चाट. हा किस्सा दीड मिनिटात सांगता येतो आणि परीक्षक तो विसरत नाही. मुख्य म्हणजे तो सिद्ध काय करतो बघा: लढाई सुरू असतानासुद्धा तिची हद्द काँग्रेस आखते आणि ती हद्द राष्ट्राध्यक्षाला ओलांडता येत नाही.

पुढचं दीड शतक भराभर जाऊ द्या. एक नोंद मात्र उपयोगाची आहे. जानेवारी 1848 मध्ये प्रतिनिधिगृहाने (काँग्रेसचं खालचं सभागृह, वरचं ते सिनेट) 85 विरुद्ध 81 मतांनी म्हटलं की मेक्सिकोचं युद्ध राष्ट्राध्यक्षाने विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केलं, आणि बाजूने मत देणाऱ्यांत इलिनॉयचा एक नवा सदस्य होता, अब्राहम लिंकन. प्रतिकूल बाजू लगेच म्हणेल, हाच लिंकन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1861 मध्ये काँग्रेस भरण्याआधी बंदरांची नाकेबंदी करून मोकळा झाला, आणि 1863 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची बाजू उचलली. उत्तर तयार ठेवा: ते देशातलं बंड होतं, विषय परदेशाचा आहे.

खरी गाठ 1950 ची. राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने कोरियात सैन्य पाठवलं, काँग्रेसला मत विचारलं नाही, संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाकडे बोट दाखवलं आणि त्याला पोलीस कारवाई म्हणण्यात आलं. त्या "पोलीस कारवाईत" सुमारे 36 हजार अमेरिकी सैनिक गेले. (आपल्या मराठवाड्यातल्या लोकांना पोलीस कारवाई हा शब्द युद्धाला कसा लावतात हे वेगळं समजावायला नको.) व्हिएतनामला उलट मंजुरी होती. ऑगस्ट 1964 चा टोंकिनच्या आखाताचा ठराव प्रतिनिधिगृहात 416 विरुद्ध 0 आणि सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2 ने झाला. म्हणून मंजुरी घेतली की शहाणपण आपोआप येतं असं लेकीने चुकूनही म्हणू नये, समोरून हेच आकडे येतील.

त्या अनुभवाने पोळलेल्या काँग्रेसने 1973 मध्ये युद्धाधिकारांचा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष निक्सनने व्हेटो म्हणजे नकाराधिकार वापरला, तो 7 नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी उलटवला. कायदा असा: सैन्य लढाईत किंवा लढाईच्या तोंडावर उतरवलं की राष्ट्राध्यक्षाने 48 तासांत काँग्रेसला कळवायचं. मंजुरी मिळाली नाही तर 60 दिवसांत थांबायचं, सुरक्षित माघारीसाठी वाटल्यास आणखी 30 दिवस. कागदावर चोख. मग गाडी अडली कुठे?

पहिली खोच कारकुनी आहे, म्हणून मला फार आवडते. 60 दिवसांचं घड्याळ सुरू होतं ते त्या विशिष्ट पोटकलमाखाली अहवाल गेला किंवा जायला हवा होता तेव्हा. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष पत्र पाठवतात, पण त्यात "कायद्याखाली" न लिहिता "कायद्याशी सुसंगत राहून" असं लिहितात आणि पोटकलमाचं नाव घेत नाहीत. ते नाव घेतलेलं प्रसिद्ध पत्र राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचं, 1975 मध्ये कंबोडियाने पकडलेल्या मायागेझ या अमेरिकी मालवाहू जहाजाच्या प्रकरणातलं, आणि ते पोचलं तोवर कारवाई आटोपलेली होती. दुसरी खोच न्यायालयाची. मूळ कायद्यात काँग्रेसला साध्या बहुमताच्या ठरावाने, राष्ट्राध्यक्षाच्या सहीशिवाय, सैन्य परत बोलावता येत होतं. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरितांच्या एका खटल्यात सहीविना ठरावाने सरकारचा निर्णय फिरवण्याची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. तेव्हापासून युद्ध थांबवण्याच्या ठरावालाही सही लागते असं धरून चालतात, आणि सही करायची कुणी, तर ज्याने युद्ध सुरू केलं त्यानेच. 2019 मध्ये येमेनच्या युद्धातली मदत थांबवण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. ट्रम्प यांनी व्हेटो केला, आणि तो उलटवायला सिनेटमध्ये 53 विरुद्ध 45 मतं पडली. बहुमत होतं, दोन-तृतीयांश नव्हतं. 2020 मध्ये इराणविरुद्धच्या कारवाईला आळा घालणाऱ्या ठरावाचंही तेच झालं.

हा उलटा हिशेब लेकीच्या भाषणाचा कणा करा: घटनेने युद्ध सुरू करायला काँग्रेसचं बहुमत मागितलं, आज युद्ध थांबवायला काँग्रेसचे दोन-तृतीयांश लागतात.

इथवर अनुकूल बाजू. आता जी गोष्ट मला कोच म्हणून कळायला आठ-दहा वर्षं लागली ती सांगतो. राष्ट्राध्यक्षाने काँग्रेसचा अधिकार हिसकावला, अशी गोष्ट मुलं रचतात. ती अर्धीच खरी आहे. काँग्रेसला तो अधिकार वापरायचाच नसतो. युद्धाच्या बाजूने मत दिलं आणि ते फसलं तर आयुष्यभर फाइल मागे लागते. विरोधात दिलं आणि यश आलं तरी तेच. हिलरी क्लिंटन यांनी ऑक्टोबर 2002 मध्ये इराकवरच्या युद्धाला मंजुरी देणाऱ्या ठरावाला होकार दिला आणि 2008 च्या उमेदवारीच्या लढतीत ओबामांनी त्या मताचं जे केलं ते सगळ्या सिनेटरांनी पाहिलंय. मग सोपा मार्ग एकच, अळीमिळी गुपचिळी. जमलं तर टाळ्या, फसलं तर टीव्हीवर जाऊन "आम्हाला विचारलंच नाही".

याचा सर्वांत सुंदर पुरावा 28 एप्रिल 1999 चा आहे. क्लिंटन यांनी कोसोवोसाठी युगोस्लाव्हियावर विमानहल्ले सुरू केले होते. त्या एकाच दिवशी प्रतिनिधिगृहाने युद्ध पुकारायला नकार दिला, 427 विरुद्ध 2. सैन्य मागे घ्यायलाही नकार दिला, 290 विरुद्ध 139. आणि चालू हवाई हल्ल्यांना पाठिंबा देण्याच्या ठरावावर मतं पडली 213 विरुद्ध 213, म्हणजे तोही बारगळला. पुकारायचं नाही, थांबवायचं नाही, पाठिंबाही द्यायचा नाही. पुढे त्याच कारवाईसाठी पैसे मात्र मंजूर केले. हल्ले 78 दिवस चालले, म्हणजे 60 ची मर्यादा ओलांडून. काही सदस्य कोर्टात गेले, तर तुम्हाला दावा लावायचा अधिकारच नाही म्हणत कोर्टाने तो फेटाळला. नामानिराळं राहण्याचा याहून मोठा वस्तुपाठ मला माहीत नाही. ही मतमोजणी लेकीने पाठ करावी.

कारण प्रतिकूल बाजूचा खरा वार इथेच येतो. "राष्ट्राध्यक्षाला वेग लागतो, क्षेपणास्त्रं थांबत नाहीत" हा मुद्दा लहान मुलांचा. अचानक हल्ल्याचा अपवाद 1787 पासून आहेच, तेवढं म्हणून पुढे जा. जाणकार टीम विचारेल: 1973 चा कायदा ज्या काँग्रेसने वापरला नाही, ती तुम्ही मागताय तो पूर्वमंजुरीचा नवा कायदा का वापरेल? शिवाय तिजोरीची किल्ली काँग्रेसकडेच आहे की. 1973 मध्ये 15 ऑगस्टनंतर कंबोडियावरच्या बॉम्बफेकीचा पैसा तोडला. मोगादिशूत 18 सैनिक गेल्यावर सोमालियातल्या मोहिमेचा पैसा 31 मार्च 1994 नंतर बंद केला. म्हणजे मनात असलं की जमतं. हा प्रश्न आला आणि लेक "पण घटना..." म्हणायला लागली, की फेरी गेली समजा.

उत्तर असं द्यायचं की आज मौनाचा फायदा राष्ट्राध्यक्षाला मिळतो, तो उलटा फिरवा. काँग्रेस गप्प बसली तर युद्ध चालू राहतं, त्याऐवजी काँग्रेस गप्प बसली तर पैसा आपोआप थांबेल असं करा. मग गप्प बसणंही एक मत होतं आणि पळवाट उरत नाही. हे हवेतलं नाही. जुलै 2021 मध्ये सिनेटमध्ये मर्फी, ली आणि सँडर्स या तिघांनी असं विधेयक आणलं होतं: 60 ऐवजी 20 दिवस, आणि मंजुरी नसेल तर निधी आपोआप बंद. युटाचा कट्टर रिपब्लिकन (ली) आणि व्हरमाँटचा समाजवादी (सँडर्स) एका कागदावर सही करतात, ही गोष्टच परीक्षकाला जागं करते. विधेयक पुढे सरकलं नाही, तेही प्रामाणिकपणे सांगावं, नाहीतर समोरचे सांगतीलच.

"लढाई" या शब्दाकडे एक नजर टाकायला सांगा. 2011 मध्ये लिबियात 60 दिवस उलटल्यावर ओबामा सरकारने युक्तिवाद केला की जमिनीवर सैनिक नाहीत, गोळीबाराची देवाणघेवाण नाही, म्हणून कायद्याच्या अर्थाने ही लढाईच नव्हे. विमानं बॉम्ब टाकत होती तेव्हा. 22 जून 2025 ला इराणच्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहानवरचे हल्ले एका रात्रीत झाले, 60 दिवसांचा प्रश्नच आला नाही. पाच दिवसांनी सिनेटने आळा घालणारा ठराव 53 विरुद्ध 47 ने फेटाळला. घड्याळ बनवलं ते महिनोन्‌महिने चालणाऱ्या पायदळाच्या युद्धासाठी, आणि आता युद्ध एका रात्रीचं झालंय. तुमच्या विषयातला "पूर्व" हा शब्द इथे कामाला येतो.

2001 च्या मंजुरीबद्दल फार खोलात नको, पण ठाऊक हवी. 11 सप्टेंबरच्या हल्ल्याच्या सूत्रधारांविरुद्ध बळ वापरायला दिलेली, मुख्य मजकूर इंग्रजीत जेमतेम 60 शब्दांचा. विरोधात एकच मत, बार्बरा ली यांचं. त्याच मजकुरावर 2014 पासून इस्लामिक स्टेटशी लढाई चालवली, जी संघटना त्या रूपात 2001 मध्ये नव्हतीच. "संलग्न गट" हे शब्द मजकुरात शोधून दाखवा, असा प्रश्न उलटतपासणीत विचारता येतो. ते शब्द तिथे नाहीत.

भारतीय घरांत हमखास निघणारा विषय म्हणजे 1971 मध्ये बंगालच्या उपसागरात आलेलं एंटरप्राइझ हे अमेरिकी विमानवाहू जहाज. निक्सनने काँग्रेसला न विचारता पाठवलं, मग ते उदाहरण घेऊ का, असं मला पालक विचारतात. घेऊ नका. खुल्या समुद्रात जहाज नेणं ही लढाई नाही, आणि 1973 चा कायदा तेव्हा नव्हता. समोरची टीम एका वाक्यात उडवेल. आपल्या मनाला लागलेलं उदाहरण परीक्षकाच्या फ्लोवर टिकेलच असं नाही.

आणि घरात जो काही ट्रम्प-बायडेन चालत असेल तो वहीबाहेर ठेवा. परीक्षकाचं मत कुठे जातं हे कुणालाच माहीत नसतं. डेमोक्रॅटचं एक उदाहरण दिलं की लगेच रिपब्लिकनचं द्यावं. कोसोवो आणि लिबिया एका बाजूला, येमेन आणि इराण दुसऱ्या.

तयारी करून घेताना तुम्ही प्रतिकूल बाजू घ्या. सांगलीचं वक्तृत्व तिथे उपयोगी पडेल. सात संध्याकाळी रोज एकच प्रश्न विचारा: नवा कायदा काँग्रेस का वापरेल? पहिल्या दिवशी ती दोन मिनिटं घेईल, तुम्ही ते तीस सेकंदांवर आणा. फ्लाइंग फिश आणि 213 विरुद्ध 213, या दोन गोष्टी कागद न बघता यायला हव्यात. मग बाजू बदला, तिला प्रतिकूल करा आणि तुम्ही मर्फी-ली-सँडर्सचं विधेयक मांडा. घड्याळ हातात ठेवा. वेळ संपली की वाक्य अर्धवट असलं तरी तिला थांबवा, परीक्षक पुढचं लिहून घेत नाही.